तुरुमती : आपल्या माळावरचा लहान ससाणा



हमाल, मापाडी आणि गिरणीकामगार यांच्या संघटनेत आयुष्य घालवलेला माणूस वसंत ऋतूतल्या या व्यासपीठावर उभा राहिला की, तो मजुरीचे दर, बोनस आणि प्रॉव्हिडंट फंड यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. ती रास्त आहे. परंतु यंदा चालकांनी विषयाची निवड आमच्यावर सोपवली आणि आम्ही एक पक्षी निवडला. आमच्या काही सहकाऱ्यांना ते रुचले नाही. ते म्हणाले, "ज्याला पोटाची भ्रांत, त्याने पाखरे कशाला मोजावीत?" प्रश्न चुकीचा नाही आणि आम्ही तो टाळणार नाही. त्याचे उत्तर मात्र आधी पक्ष्याची ओळख झाल्यावरच देता येईल.

आमचे शाळेतले शिक्षण थोडे. जे काही आले ते वाचनालयातून आणि रस्त्यावरून आले. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. ज्याचे नाव हजेरीपटावर नाही, त्याचा हिशेब कोणी ठेवत नाही. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला, तेव्हा त्याने पहिले काम काय केले? पाठीवर पोते वाहणाऱ्या माणसाची नोंद केली. नोंद झाली म्हणून पुढचे हक्क मागता आले. पाखरांचेही असेच आहे. ज्याला आपण नावाने ओळखत नाही, ते नाहीसे झाले तरी कोणाच्या ध्यानात येत नाही.

आता नावांचा घोळ पाहा. आपल्या नांदेड-लातूरकडे आकाशात गरगरणारा कोणताही शिकारी पक्षी दिसला की, मोठा असेल तर ती घार आणि लहान असेल तर तो शिकरा किंवा ससाणा. उचलली जीभ, लावली टाळ्याला! नांदेडकरांना आणखी एक नाव ठाऊक आहे, ते म्हणजे बाज. श्री गुरु गोविंदसिंगजींनी १७०८ साली नांदेड येथे देह ठेवला. त्यांच्या चित्रात हातावर जो पक्षी असतो तो बाज. पंजाबने तोच आपला राज्यपक्षी मानला आहे. पण बाज हा हिमालयाच्या अरण्यातला. रुंद, आखूड पंखांचा, झाडीतून वळणे घेत भक्ष्य गाठणारा. त्याचा धाकटा भाऊबंद म्हणजे आपल्या गावातला शिकरा. ससाण्याचे कूळ या दोघांहून निराळे आहे.

किती निराळे, हे ऐकून आपल्याला नवल वाटेल. शेकडो वर्षे पंडितांनी घार, गरुड, बाज आणि ससाणा यांना एकाच घराण्यात बसवले होते. वाकडी चोच, अणकुचीदार नखे, मांसाहार, एवढे जुळले की झाले. परंतु २००८ साली पक्ष्यांच्या आनुवंशिक द्रव्याची मोठी तुलना प्रसिद्ध झाली आणि तीत असे आढळले की, ससाण्याचे जवळचे आप्त घारी-गरुड नसून पोपट आणि चिमण्यांसारखे गाणारे पक्षी आहेत. धंदा सारखा म्हणून अवजारे सारखी झाली. रक्त सारखे नव्हे. सुतार आणि लोहार या दोघांच्या हाती हातोडा असतो म्हणून ते एका आईची लेकरे ठरत नाहीत, तसेच हे.

ससाण्याच्या कुळाच्या काही खुणा आहेत. पहिली खूण पंखांची. ससाण्याचे पंख लांब आणि टोकाला निमुळते असतात. शिकऱ्याचे आखूड आणि गोलसर. दुसरी खूण डोळ्यांची. ससाण्याचा डोळा गडद तपकिरी, जवळजवळ काळा. मोठ्या शिकऱ्याचा नारिंगी-तांबडा, लहानाचा पिवळा. तिसरी खूण चोचीची, आणि ती दुर्बिणीनेच दिसेल. ससाण्याच्या वरच्या चोचीच्या कडेला दातासारखा एक टोकदार उंचवटा असतो. बाज आणि शिकरा नखांच्या पकडीत भक्ष्य ठार करतात; ससाणा नखांनी धरतो आणि या दाताने मानेचा मणका तोडतो. चौथी खूण घराची. ससाणा काडीला काडी जोडून घरटे बांधत नाही. दुसऱ्याच्या जुन्या घरट्यात, कड्याच्या कपारीत किंवा झाडाच्या ढोलीत तो आपला संसार थाटतो.

या कुळातला जो लहान ससाणा आपल्या मुलखाचा कायमचा रहिवासी आहे, त्याचे नाव तुरुमती. पुस्तकांतून त्याला लाल डोक्याचा ससाणा असेही म्हणतात. आकार पारव्याएवढा, चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत ३० ते ३६ सेंटिमीटर. पाठ फिकट निळसर राखी आणि तिच्यावर बारीक गडद रेघा. डोके आणि मानेची मागची बाजू तांबूस, विटेसारखी. डोळ्याखालून गालावर उतरणारी बारीक तांबूस मिशी. गळा व छाती पांढरी, पोटावर बारीक आडव्या रेघा. शेपूट राखी, तिच्या टोकाशी रुंद काळा पट्टा आणि त्याच्याही टोकाला पांढरी किनार. पाय आणि डोळ्याभोवतीचे कडे पिवळे. नर आणि मादी रंगाने सारखीच, पण मादी अंगाने मोठी. शिकारी पक्ष्यांत बहुधा असेच असते.

आता ज्यांच्याशी त्याची गल्लत होते, त्यांची ओळख करून घेऊ. रस्त्याकडेच्या तारेवर पांढराशुभ्र, खांद्यावर काळा डाग आणि लालभडक डोळे असलेला पक्षी बसलेला आपण नेहमी पाहतो. तो मधूनच उठतो आणि हवेत एका जागी पंख फडफडवीत थांबतो. ती कापशी. ती घारीच्या कुळातली. शेतातले उंदीर खाऊन शेतकऱ्याची चाकरी करणारी. हिवाळ्यात माळावर असाच एका जागी हवेत थांबणारा, पण पाठीने विटकरी आणि तिच्यावर काळे ठिपके असलेला पक्षी दिसला, तर ती खरुची. तीही लहान ससाणाच आहे, परंतु बहुधा पाहुणी. थंडी सरली की उत्तरेला परतते. तुरुमती मात्र असा एका जागी थांबून जमीन न्याहाळत बसत नाही. ती बाणासारखी सरळ, जमिनीलगत, बांधाच्या आडोशाने येते. लग्गड ससाणा तिच्याहून पुष्कळ मोठा आणि रंगाने तपकिरी. तेव्हा गडद डोळा, निमुळते पंख, तांबडे डोके आणि शेपटीच्या टोकाचा काळा पट्टा, या चार गोष्टी जुळल्या की नि:शंक तुरुमती म्हणावे. यांपैकी दोनच दिसल्या तर वहीत "लहान ससाणा" एवढेच लिहावे. अपुऱ्या पुराव्यावर निकाल देऊ नये, हा नियम कोर्टात आहे तसाच रानातही आहे.

तुरुमती हे नाव आले पाळीव ससाण्यांच्या धंद्यातून. राजेरजवाड्यांच्या पदरी शिकारी पक्षी शिकवणारे लोक असत. त्यांच्या बोलीत मादीला एक नाव आणि नराला दुसरे. बाज ही मादी, तिचा नर जुर्रा. लग्गडाचा नर झग्गड. आणि तुरुमतीचा नर चटवा. मादी मोठी आणि जोरकस म्हणून मुख्य नाव तिचे. एकोणिसाव्या शतकात जर्डन नावाचा इंग्रज शल्यवैद्य आपल्या शेजारच्या जालन्याच्या छावणीत काही काळ होता. त्याने १८६२ सालापासून हिंदुस्थानच्या पक्ष्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात तुरुमतीला नीळकंठाच्या मागे सोडण्याच्या खेळाचे वर्णन आहे. नीळकंठ हवेत कोलांट्या घेई, आरडाओरडा करी, आणि तुरुमती त्याचा पिच्छा सोडीत नसे. ग्रंथावर नाव जर्डनचे राहिले. परंतु ज्यांनी ते पक्षी हातावर वागवले, त्यांच्या सवयी टिपल्या आणि ही नावे दिली, ती माणसे निनावीच राहिली. श्रमिकांच्या इतिहासात हे नवे नाही.

पुढे १९३१-३२ साली सालिम अली यांनी हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली. त्या काळी आपला हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात होता. आपल्या काळात मारुती चितमपल्ली यांनी वनखात्याची नोकरी करता करता रानातल्या माणसांकडून पक्ष्यांची नावे गोळा केली आणि 'पक्षिकोश' मराठीला दिला. २०२५ साली ते निवर्तले. जन्माने सोलापूरचे, घरची भाषा तेलुगू. पण मराठी भाषेवर त्यांचे मोठे ऋण आहे.

आता तुरुमतीचा संसार पाहू. आमच्या मते या पक्ष्याचा मोठा गुण म्हणजे जोडीने काम करणे. पुष्कळ शिकारी पक्षी एकटे शिकार करतात. तुरुमतीची जोडी पुष्कळदा संगतीने निघते. एक जण जमिनीलगत जाऊन चंडोल किंवा तीरचिमणी उठवतो. दुसरा वर राहून तिची वाट अडवतो. उठलेले पाखरू एकाला चुकवायला जाते आणि दुसऱ्याच्या तावडीत सापडते. मार्केट यार्डातल्या आपल्या हमालांनी हे ऐकले तर त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही. शंभर किलोंचे पोते एकट्याने उचलले तर कंबर जाते. दोघांनी हात लावून पाठीवर दिले तर चालते. निसर्गात केवळ एकमेकांचे गळे धरण्याचाच कायदा आहे, असे सांगणारे लोक पुष्कळ आहेत. त्यांनी एकदा ही जोडी पाहावी. तरीही बहुतेक झेपा वाया जातात, हे विसरू नये. शिकाऱ्याचे पोट रोज भरतेच असे नाही.

तिची शिकारीची वेळ म्हणजे मुख्यतः सकाळ आणि संध्याकाळ. दिवस मावळताना लहान वटवाघळे बाहेर पडतात. तीही तिच्या भक्ष्यात येतात. एरवी चिमण्या, चंडोल, तीरचिमण्या, क्वचित सरडे आणि मोठे किडे. दुपारच्या उन्हात ती दाट पानांत बसून राहते, आणि म्हणूनच ती आपल्या शेजारी असूनही आपल्याला दिसत नाही. दृष्टीआड सृष्टी म्हणतात ती अशी.

विणीचा हंगाम जानेवारीपासून उन्हाळ्यापर्यंत. कावळा उन्हाळ्यात घरटे बांधतो आणि पावसाळ्यात पिले उडाली की सोडून जातो. ते रिकामे घर तुरुमती हिवाळ्यात ताब्यात घेते. आयत्या बिळावर नागोबा, असे कोणी म्हणेल. पण हा नागोबा भाडे चुकते करतो, असे आम्ही म्हणू. कारण एकदा अंडी घातली की ही एवढीशी जोडी झाडाच्या आसपास कावळ्याला, घारीला, प्रसंगी गरुडासारख्या मोठ्या पक्ष्यालाही फिरकू देत नाही. तीन ते पाच अंडी, तांबूस-तपकिरी ठिपक्यांची. मादी बहुतेक वेळ अंड्यांवर, आणि नर शिकारीवर. तो भक्ष्य घेऊन येतो, घरट्यापासून दूर बसून तिला हाक घालतो. ती उठून जाते, घेते, खाते, आणि परत येऊन बसते. सुमारे महिन्याने पिले निघतात आणि पुढे पाच-सहा आठवड्यांनी उडतात. पिले मोठी झाली, भूक वाढली, की मादीही शिकारीला लागते. हे घर बहुधा चिंच, वड, आंबा किंवा ताडावर असते; अलीकडे उच्चदाब विजेच्या मनोऱ्यांवरील कावळ्यांच्या घरट्यांतही ही जोडी आढळते.

हंगामाची निवडही विचार करण्याजोगी आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये रब्बीची ज्वारी निघते. जे चंडोल आणि चिमण्या ताटांत दडून होत्या, त्या आता उघड्या रानात धसकटांवर दाणे टिपू लागतात. म्हणजे पिलांची भूक वाढते त्याच सुमारास रान मोकळे होते. आपली ज्वारी, तिच्यावरची पाखरे आणि त्या पाखरांवरची तुरुमती, अशी ही साखळी आहे. लातूरची बाजारपेठ आज तूर आणि सोयाबीनच्या नावाने ओळखली जाते. ज्वारीचा पेरा घटला. त्याला भाव कारण आहे, मजुरी कारण आहे, आणि शेतकऱ्याला त्याबद्दल दोष देता येणार नाही. पण कणसावर जगणारे पाखरू सोयाबीनच्या शेंगेवर जगत नाही, हे समजून घेतले पाहिजे. माळाचेही तसेच. गवताच्या माळाला आपण कागदोपत्री "पडीक" म्हणतो. ज्यावर मेंढपाळ जगतो, चंडोल घर करतो आणि तुरुमती शिकार करते, ती जमीन पडीक कशी?

आता विषयाच्या दुखऱ्या भागाकडे येऊ. जगातल्या संस्थांनी तुरुमतीला "संकटाच्या जवळ पोहोचलेला" पक्षी म्हणून नोंदले आहे. कारणे दोन मुख्य : विष आणि कुऱ्हाड.

विषाचा धडा ससाण्यांनीच जगाला दिला. दुसऱ्या महायुद्धानंतर डी.डी.टी. शेतांवर फवारले जाऊ लागले. ते किड्यातून पाखरात आणि पाखरातून ससाण्यात साठत गेले. ससाणा मेला नाही. त्याच्या अंड्याचे कवच पातळ झाले आणि आईच्या वजनानेच अंडी फुटू लागली. १९६७ साली इंग्लंडमधील रॅटक्लिफ या संशोधकाने जुन्या संग्रहातील अंडी तोलून हे दाखवून दिले. अमेरिकेने १९७२ साली ते औषध बंद केले, आणि बहिरी ससाणा तेथे इतका सावरला की १९९९ साली त्याचे नाव संकटग्रस्तांच्या यादीतून काढले. आपल्याकडे शेतीतला डी.डी.टी.चा वापर १९८९ साली बंद झाला. पण एक विष गेले आणि दुसरी आली.

बंधुभगिनींनो, हे केवळ पाखरांचे गाऱ्हाणे नाही. २०१७ च्या पावसाळ्यात नांदेडला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसाहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. पाठीवर पंप, तोंडाला फडके, पायांत काही नाही, आणि डोक्याएवढे उंच पीक. ज्या शेतात मजुराच्या फुप्फुसात विष जाते, त्याच शेतात ते चंडोलाच्या पोटात जाते आणि तेथून तुरुमतीच्या. साखळीच्या एका टोकाला पाखरू आहे, दुसऱ्या टोकाला आपला माणूस. आमच्या सहकाऱ्यांच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर येथे आहे. पाखरू मोजणारा माणूस मजुरावर येणारे संकट आधी पाहू शकतो.

दुसरे कारण कुऱ्हाडीचे. लातूर जिल्ह्यात वनक्षेत्र शेकडा एकाच्याही आत आहे. जिथे वन नाही, तिथे रस्त्याकडेची चिंच आणि बांधावरचा आंबा हेच वन. रस्ते रुंद होतात तेव्हा ही झाडे जातात. आणि कामाचा मोसम कोरडा असतो म्हणून तोड बहुधा नेमकी विणीच्या महिन्यांत होते. रस्ता नको, असे आम्ही म्हणत नाही. रस्त्याच्या कामावर आपलेच मजूर असतात. पण झाड पाडण्याआधी वर पाहा, घरट्यात पिले असतील तर पावसापर्यंत थांबा, एवढे मागणे अवाजवी नाही. शहराच्या हद्दीत तर १९७५ च्या कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते आणि नागरिकाला हरकत नोंदवता येते. हा हक्क कागदावर आहे. तो वापरायला मात्र घरटे कोणाचे, कोणत्या झाडावर, कोणत्या तारखेला दिसले, हे सांगणारा माणूस लागतो.

लोकांनी मनावर घेतले तर काय होते, याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. अमूर ससाणा हा तुरुमतीहून किंचित लहान, नारिंगी-तांबड्या पायांचा. चीन आणि सैबेरियाकडून तो निघतो, ऑक्टोबर-नोव्हेंबरात नागालँडमध्ये उतरतो, मग आपले द्वीपकल्प ओलांडून, अरबी समुद्रावरून थेट आफ्रिकेत जातो. वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास, आणि मजल हजारो किलोमीटरची. २०१२ साली नागालँडमध्ये डोयांग जलाशयाकाठी हे पक्षी जाळ्यांत धरून हजारोंनी मारले जात असल्याचे जगाने पाहिले. मारणारे कोण? त्या जलाशयात ज्यांच्या जमिनी बुडाल्या, असे गरीब लोक त्यांत पुष्कळ होते. त्यांना नुसता दंड करून भागले नसते. पण पांगती आणि आसपासच्या गावांनी, चर्चने आणि कार्यकर्त्यांनी बैठका घेतल्या, गावांनी ठराव केले, आणि २०१३ च्या हंगामात तेथे जाळी लागली नाहीत. त्याच वर्षी तीन पक्ष्यांच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारी यंत्रे बसवली. त्यांची नावे ठेवली नागा, वोखा आणि पांगती. ज्या गावाने शिकार केली, त्याच गावाच्या नावाचा पक्षी आफ्रिकेपर्यंत जाऊन पुन्हा परतला. हे काम एका वर्षात झाले, आणि ते सभा घेऊन, एकमेकांना समजावून, ठराव करून झाले. संघटना यापेक्षा वेगळी काय असते?

तेव्हा आपण काय करावे? फार नाही. एक वही ठेवावी. तारीख, वेळ, गाव, झाड आणि पक्ष्याच्या खुणा, एवढेच लिहावे. घरट्यापासून दूर राहावे. छायाचित्राच्या हव्यासाने आईला उठवू नये, कारण चैत्राच्या उन्हात उघडी पडलेली पिले तासाभरात दगावू शकतात. पक्षी पकडणे, पाळणे, विकणे हा १९७२ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे पोरांना सांगावे. शाळेच्या, ग्रामपंचायतीच्या, आमच्या संघटनेच्या फलकावर गावातल्या जुन्या झाडांची यादी लावावी. आणि फवारणी करणाऱ्या मजुराला मुखपट्टी, हातमोजे व बूट मिळतात की नाही, हे त्याच वहीच्या दुसऱ्या पानावर लिहावे. दोन्ही नोंदी एकाच शेताच्या आहेत.

आमच्या सहकाऱ्यांच्या प्रश्नाचे राहिलेले उत्तर असे. पोटाची भ्रांत असलेल्या माणसाने पाखरे पाहू नयेत, असे म्हणणे म्हणजे आकाश ही श्रीमंतांची मालमत्ता आहे, असे मान्य करणे होय. आम्ही आठ तासांचा दिवस मागितला तो उरलेल्या वेळात नुसते झोपण्यासाठी नव्हे. वाचावे, गावे, मुलाबाळांना घेऊन माळावर जावे, वर पाहावे आणि वर जे आहे त्याला नावाने हाक मारावी, हाही त्या मागणीचा भाग होता. तुरुमती पाहायला तिकीट लागत नाही.